कोण आलं नाही?

शरयूताई कारखानीस कुठल्याही घोळक्यात शिरल्या की बसायच्या आधी माणसं मोजायच्या. हळदीकुंकू असो, कुणाच्या नातवाचा वाढदिवस असो; उजव्या हाताचं बोट कमरेपाशी हलकेच हलायचं, ओठ पुटपुटायचे आणि मग त्या विचारायच्या, "कोण आलं नाही?" आलेल्यांची विचारपूस त्यानंतर.

सिंगापुरात सेरंगूनला आमचं एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये आम्ही दहाबारा जणी जमतो. तिथे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, ते असं मोजतानाच. त्या दिवशी आमच्यातली एक जण आली नव्हती. आम्ही म्हटलं, अडकली असेल कामात. शरयूताईंनी मात्र फोन करायला लावला. तेव्हा कळलं की तिचे वडील आदल्या दिवशी साताऱ्याला वारले, तिला विमानाचं तिकीट मिळत नव्हतं आणि ग्रुपवर हे कसं लिहायचं म्हणून ती गप्प बसली होती. पुस्तक राहिलं बाजूला. आम्ही सगळ्या उठून तिच्या घरी गेलो.

परतताना एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत शरयूताई आणि मी बरोबर होतो. मी काय करते, असं त्यांनी विचारलं. रॅफल्स प्लेसच्या एका फर्ममध्ये मी कंपन्यांच्या सेक्रेटरीचं काम करते, म्हणजे त्यांच्या घटना, ठराव, सभांची इतिवृत्तं वगैरे. लोक ऐकतात आणि विषय बदलतात. शरयूताई फुटपाथवरच थांबल्या. "म्हणजे तू माझ्याच गोत्रातली," त्या म्हणाल्या आणि शनिवारी घरी यायचं आमंत्रण दिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचे डायलिसिसचे वार होते.

तेव्हा त्या सत्तरीच्या जवळ होत्या. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर मुलीने, मृणालने, त्यांना आपल्याकडे आणलं होतं. डायलिसिस सेंटर त्यांच्याच ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, तळमजल्यावर होतं. लिफ्टने खाली जायचं, चार तास खुर्चीत पडायचं आणि लिफ्टने वर यायचं. "सोय इतकी आहे की तक्रार करायचीही सोय नाही," असं त्या म्हणत. बाहेर पडताना डोक्यावर रुंद काठाची, उन्हाने विटलेली फेल्टची हॅट असायची. सेरंगूनच्या मॉलमध्ये सलवार-कमीजवर ती हॅट बघून लोक वळून पाहायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं.

ती हॅट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावातली. शरयूताईंनी मुंबईत कंपनी कायद्याचं काम केलेलं. नवरा डॉक्टर, त्याला त्या गावात नोकरी लागली म्हणून त्याही गेल्या. गावात एक आरोग्यकेंद्र होतं. ते सुरू केलं होतं तिथल्या ॲबोरिजिनल लोकांनी, म्हणजे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनी. मोठ्या दवाखान्यात आपलं कुणी ऐकून घेत नाही, मग आपला दवाखाना आपणच चालवू, असं ठरवून त्यांनी ते उभं केलं. त्यांना कायद्याची कागदपत्रं बघणारं माणूस हवं होतं. शरयूताई सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि पुढची अठरा वर्षं तिथेच राहिल्या.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्यांनी मला पर्ल आंटींची गोष्ट सांगितली. पर्ल आंटी त्या केंद्राच्या पहिल्या अध्यक्ष. तिथेही वडीलधाऱ्या बायकांना आंटीच म्हणतात. शरयूताईंनी नोकरी लागल्या लागल्या संस्थेची घटना नव्याने लिहिली होती. कायद्याला धरून, स्वच्छ, एकही शब्द जास्त नाही. त्यात एक कलम होतं: जो संचालक लागोपाठ तीन सभांना न कळवता गैरहजर राहील, त्याचं पद आपोआप जाईल. असं कलम सगळीकडे असतं. मी स्वतः कितीतरी कंपन्यांसाठी ते लिहिलेलं आहे.

त्या वर्षी पर्ल आंटींच्या घरात एकामागून एक तीन मृत्यू झाले. तिथे मयत म्हणजे एक दिवसाचं काम नसतं. दूरदूरहून माणसं येतात, आठवडेच्या आठवडे बाकी सगळं थांबतं. पर्ल आंटी तीन सभांना आल्या नाहीत, कुणाला कळवलंही नाही. आणि शरयूताईंनी नियमाप्रमाणे त्यांना पद गेल्याचं पत्र पाठवलं.

"मी त्या तिन्ही अंत्यविधींना हजर होते गं," शरयूताई मला म्हणाल्या. "तिच्या शेजारी बसले होते. आणि सोमवारी ऑफिसात येऊन त्या पत्रावर सही केली."

पर्ल आंटी पत्र घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. टेबलावर पत्र ठेवून एवढंच म्हणाल्या, "कागदाला माहीत नव्हतं. तुला तर माहीत होतं." आणि निघून गेल्या. पुढे सर्वसाधारण सभेने त्यांना पुन्हा निवडून दिलं, कलमही बदललं. शरयूताईंनी राजीनामा पुढे केला तेव्हा तो पर्ल आंटींनीच घेतला नाही. चूक जिने केली तिलाच ती का झाली ते ठाऊक आहे, नवीन माणूस ती परत करील, असं त्यांचं म्हणणं. माणसं मोजून न आलेल्यांची चौकशी करायची सवय शरयूताईंना तेव्हापासून लागली.

मला वाटलं होतं, हे सगळं जुनं आहे. पण एका शनिवारी मी गेले तर शरयूताई फोन समोर उभा करून बसल्या होत्या आणि पडद्यावर पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक बाई होत्या. पर्ल आंटी. त्यांचीही मूत्रपिंडं गेली होती. गावात डायलिसिस नाही, म्हणून त्या पर्थमध्ये एका खोलीत राहत होत्या. गावापासून मोटारीने दोन दिवसांवर. पर्थचं आणि सिंगापूरचं घड्याळ एकच. दोघी एकमेकींना वार विचारत होत्या, सुई कुठल्या हाताला टोचतात ते दाखवत होत्या. पर्ल आंटी म्हणत होत्या की इथे सगळे चांगले आहेत, पण खिडकीतून दिसतं ते कुणाचं तरी दुसऱ्याचं गाव आहे. शरयूताईंनी आपल्या खिडकीकडे बघितलं. समोर पुढचा ब्लॉक होता, काठ्यांवर कपडे वाळत होते.

गावातल्या केंद्राला डायलिसिसच्या चार खुर्च्या मिळण्याची शक्यता निर्माण झाली होती. निधी देणाऱ्यांची अट अशी की संस्थेचा कारभार आणि कायदेशीर रचना सुधारून दाखवायची, तीही वर्षाच्या आत. नाहीतर खुर्च्या दूरच्या मोठ्या इस्पितळाला जाणार. त्यांच्या सल्लागारांनी एक मसुदा पाठवला होता: सात संचालक, त्यांपैकी पाच बाहेरचे तज्ज्ञ. मी तो वाचला आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी म्हटलं, हे तर आदर्श आहे, आमच्याकडेही असंच असतं.

"ऋजुता, घटना आणि ब्लाउज रेडीमेड घेतलं की काखेत काचतंच," शरयूताई म्हणाल्या.

पुढचे कितीतरी शनिवार आम्ही तेच काम केलं. म्हणजे लिहायचो मी आणि शरयूताई. ठरवायची ती माणसं. पर्ल आंटी पर्थहून, बाकीचे संचालक गावातून फोनवर असायचे. मी घाईघाईने वाक्य पुरं करायला गेले की शरयूताई माझ्या मनगटावर हात ठेवायच्या. "आपण लेखनिक. मालक नव्हे." हितसंबंधांच्या कलमापाशी आमची गाडी अडली. नेहमीचा नियम असा की विषय नातेवाइकाचा असेल तर संचालकाने बाहेर जावं. पडद्यावर हशा पिकला. तिथे प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. बाहेर जायचं म्हटलं तर खोलीत फक्त टेबल उरलं असतं. शेवटी त्यांनीच सांगितलं तसं लिहिलं: नातं सर्वांसमोर मोठ्याने सांगायचं, आणि प्रश्न आपल्याच घरातल्या माणसाच्या नोकरीचा किंवा कंत्राटाचा असेल, तर मत द्यायचं नाही. प्रत्येक कुटुंबगटाचा एक प्रतिनिधी. बाहेरचे तज्ज्ञ दोनच, त्यांना मत आहे, पण बहुमत कधीच नाही. दुखवट्यात सभा पुढे ढकलायची, मात्र रोग्यांचं काम अडू नये म्हणून तिघांची छोटी समिती.

एका ठिकाणी मात्र शरयूताई हट्टाला पेटल्या. पर्ल आंटींसारख्या संस्थापकांना तहहयात संचालक करावं, असं कलम त्यांनी स्वतःच लिहून आणलं. जुन्या पत्राची भरपाई करायची होती त्यांना. पर्ल आंटींनी शांतपणे ऐकलं आणि नाही म्हटलं.

"मला काढता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "म्हातारी माणसंही चुकतात. फक्त काढण्याआधी मी कुठे आहे ते येऊन विचारा."

शरयूताईंनी चष्मा काढून पुसला. मग ते पान फाडलं आणि पर्ल आंटींचं वाक्यच जवळजवळ जसंच्या तसं कलमात घातलं. इतकं साधं कलम मी त्याआधी किंवा नंतर लिहिलेलं नाही.

सर्वसाधारण सभेने घटना मंजूर केली. निधी देणाऱ्यांनी दोन फेऱ्या प्रश्न विचारले, पण शेवटी मान्य केलं. वर्ष सरता सरता खुर्च्या आल्या आणि पर्ल आंटी घरी गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनवरूनच फोन लावला आणि कॅमेरा खिडकीकडे फिरवला. लाल माती, कोरडी नदी, काठावर पांढऱ्या खोडांची झाडं. शरयूताईंनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं की पाहुणा पेशंट चालतो का. पर्ल आंटी म्हणाल्या, मंगळवार, गुरुवार, शनिवार एक खुर्ची रिकामी आहे.

त्यानंतर शरयूताई त्या एका गोष्टीवर जगल्या. आमच्या मंडळातल्या बायकांना पुण्याची, ठाण्याची ओढ. गणपतीत डोळे भरून यायचे. शरयूताईंना त्या लाल मातीची. आपली भूमी नव्हे, आपले लोक नव्हेत, तिथे आपण पाहुणेच होतो, हे त्या स्वतःच बोलून दाखवायच्या. "पण मन काय मालकी हक्क बघून अडकतं?" मृणालने चौकशी केली, मी व्हिसाचे फॉर्म भरले. डॉक्टर मात्र हृदयाची तपासणी केल्यावर नको म्हणाले. एवढा प्रवास झेपणार नाही. शरयूताईंनी वाद घातला नाही. एक महिना थांबून पुन्हा विचार, एवढंच मला सांगितलं. मी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. मी घरी येऊन सांगितलं की अजून थोडं थांबू म्हणालेत. माझं खोटं त्यांना कळलं असणार, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

मार्चमध्ये एका गुरुवारी सकाळी चहा पिता पिता त्या गेल्या.

तिकडे कळवायचं काम मृणालने माझ्याकडे दिलं. मी केंद्रात फोन केला. चार दिवसांनी पर्ल आंटींचा मला फोन आला. आमचं दोघींचंच असं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी रडले, त्या थांबल्या. माझे आईवडील कुठे असतात, त्यांची तब्येत कशी, हे सगळं त्यांनी विचारलं. मग त्या आठवणी सांगू लागल्या: फाईली काखेत मारून धुळीतून चालत येणारी बाई, मयताच्या घरी न बोलता भांडी घासणारी बाई. तासभर आम्ही बोललो. बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की त्या नाव घेत नाहीयेत. मी दोनदा "शरयूताई" म्हटलं आणि दोन्ही वेळा पलीकडे शांतता पसरली. मग त्यांनी हलक्या आवाजात समजावलं की गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्याकडे काही काळ घेत नाहीत. घरच्या माणसाचं तर नाहीच.

मी माफी मागितली. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. मला ते नाव कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि त्यांच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेल्या माणसाला ते ऐकवायचं नव्हतं.

म्हणून हे मराठीत लिहिलं. पर्ल आंटींच्या कानावर हे जाणार नाही. इथे मला हवं तितक्या वेळा म्हणता येतं: शरयूताई. शरयूताई कारखानीस.