थांबवणाऱ्या पेशी आणि कोमट पाणी

"मुलीचा एमआरआय अगदी नॉर्मल आहे," धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात, "आजार मात्र मेंदूचाच आहे." नॉर्मल, तर आजार कसला? एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, पेशींचं काम नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत!

जनुकांच्या तपासणीत ड्राव्हे सिंड्रोम, म्हणजे झटके येण्याचा आजार, निघाला होता. मेंदूत काही पेशी इतर पेशींना थांबवतात, त्यांना इन्हिबिटरी न्यूरॉन म्हणतात. आमच्या ओवीच्या नेमक्या त्याच कमजोर. "मग टॉनिक द्या," मी म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत. "वर्गातली सगळी मुलं एकदम ओरडली तर कुणी काय शिकणार? या पेशी गप्प करतात, म्हणून वाढत्या मेंदूत जोडण्या नीट होतात."

म्हणजे गप्प करणाऱ्यांमुळे पोर बोलायला शिकते? माझं डोकं आणखीच गरगरलं.

"झटके कधी येतात?"

"बहुतेक आंघोळीच्या वेळी."

आंघोळ घालायला माझी मोठी बहीण, अक्का, शिरपूरहून आमच्याकडे जळगावातल्या पिंप्राळ्याला येऊन राहिली होती. तेल, कढत पाणी, मग धुरी. पहिल्या झटक्याला तिला वाटलं, पोरीला गारठा बाधला. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत. पुन्हा झटका, पुन्हा जास्त शेक. आम्हालाही ते पटत होतं.

"अंग तापलं की हिला झटका येतो," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर अक्काला हे सांगितलं. ओवी तिच्या मांडीवर झोपली होती.

"मन्हा हातघाई व्हयनं का रे भाऊ हाई बठ्ठं?" हे सगळं आपल्याच हातून झालं, असं वाटून ती रडायलाच लागली. मी उठून तिला आत नेलं.

"आजार जन्मापासूनचा आहे, ताई, तुमच्यामुळे झालेला नाही," डॉक्टर म्हणाले. "पाणी फक्त कोमट ठेवा."

"ओवी बोलेल ना?" मी विचारलं.

"आत्ताच सांगता येणार नाही. झटके कमी ठेवू."

जळगावच्या उन्हाळ्यात पोरीचं अंग तापू द्यायचं नाही, म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. औषधं, कूलर, ओली फडकी. झटके थांबले नाहीत, कमी झाले. तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर झटक्याआधी काय केलं होतं ते डॉक्टरांना न लाजता सांगा.

मला अजून सगळं कळलेलं नाही. ओवी अजून बोलत नाही. अक्का मात्र परत गेली नाही, आणि तिचे हे उपकार मी फेडू शकणार नाही. रोज ती बादलीत आधी मला हात घालायला लावते. "तू देख पैले," म्हणते.

काल ओवीनं पाण्यावर जोरात हात आपटला. तिचे हातपाय थरथरू लागले. झटकाच आला असं वाटून आम्ही दोघं श्वास रोखून थांबलो. मग ती खदखदून हसली, आणि अक्का तोंडावरचं पाणी न पुसता तिच्याबरोबर हसत सुटली.