डाव्या हाताची नाडी

फिजिओथेरपीच्या खोलीत बाबा जागेवरची सायकल चालवतात. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची डावी बाजू त्यांना आपली वाटत नाही. डावं पाऊल पॅडलला पट्ट्याने बांधावं लागतं. नाडीचे ठोके मोजणारा चिमटा त्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी डाव्याच हाताच्या बोटाला लावला होता.

पडद्यावरचा आकडा चढत गेला. बाबा शांतपणे म्हणाले, "थांबवा आता. तो दमलाय."

"कोण, बाबा?" मी विचारलं.

"हा काय, माझ्या डावीकडे बसलाय."

तिकडे नुसती भिंत होती. सायकल थांबली, पण आकडा काही उतरेना. पाय थांबले तरी आत कुणीतरी चढण चढतच होतं. आपण अख्ख्या देहाला बिनधास्त 'मी' म्हणतो. हृदयाला तो शब्द ठाऊकच नसावा. बाबांनी परका ठरवलेल्या हातातही ते तितक्याच निष्ठेने धडधडत होतं.

मी तो हात हातात घेतला. गरम होता. "आता बरं वाटतंय का?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार," बाबा म्हणाले.

आणि इतके महिने न हललेली ती बोटं माझ्या हाताभोवती सावकाश मिटली.