गुरुजींच्या हृदयाचा तुकडा

समुद्रपूरच्या त्या निवृत्त गुरुजींची सही मीच घेतली होती. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये एक लहानसा तुकडा कापून टाकावा लागतो. तो आमच्या प्रयोगशाळेला वापरू द्यावा, अशी ती संमती. त्यांनी फॉर्म शब्दन्‌शब्द वाचला, खिशातलं पेन काढून 'ह्रदय'चं 'हृदय' केलं आणि मग सही केली.

"फेकाचंच हाय तं घ्या," म्हणाले, "पण चुकीच्या शब्दाखाली मी सही करत नाई."

ऑपरेशन नीट झालं. तुकडा बर्फातून माझ्याकडे आला. त्याचा पातळ काप मी कोमट द्रवात, दोन बारीक हुकांमध्ये ताणून बसवला. विजेचा हलका झटका दिला की तो आकसायचा, आणि किती जोरानं आकसला त्याची रेघ पडद्यावर उठायची. असा काप त्या द्रवात काही आठवडे जिवंत राहू शकतो. रेघेच्या नोंदी घेणं माझं काम.

पाचव्या दिवशी वॉर्डातून कळलं, जखम चिघळून गुरुजी गेले. पडद्यावर रेघ उठतच होती. त्यानंतर त्या खोलीत मला तिच्याकडे पाठ करून बसवेना.

तेरवी आटोपून त्यांची बायको कागदपत्रांसाठी आली. फाइलमध्ये संमतीच्या फॉर्मवर तिला नवऱ्याची सही दिसली, आणि विचारत विचारत ती आमच्याकडे पोचली. आमच्या प्रमुख मॅडमनी तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे ते अजून चालू हाय?"

मी मान हलवली.

"मले पाहू द्या."

स्टुलावर बसून ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग मला विचारलं, "आपोआप उडून राह्यलं का?"

"नाई काकू. मशीन झटका देते तवाच."

"मंग हे त्याईचं नाई. त्याईनं कोनाचं आयकलं व्हय कधी?" ती हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाशी धरला. "तेरवी झाली जी. सारं गाव जेवून गेलं. आन् इथं हे सुरूच हाय. थांबवा आता."

मॅडमनी एक शब्दही वाद घातला नाही. तिच्याकडून दोन ओळींचा अर्ज लिहून घेतला आणि मला खूण केली. मी झटक्याचं बटण बंद केलं. रेघ सपाट झाली.

"झालं?"

"झालं, काकू."

ती बस गाठायला निघून गेली. मी हुक सोडवायला चिमटा उचलला, आणि पडद्यावर रेघ एकदा उठली. झटका देणारी मशीन बंद होती, पडदा तेवढा चालू होता. पाचेक मिनिटांनी पुन्हा एकदा.

असं होतं. हृदयाचा स्नायू कधी कधी स्वतःहून आकसतो, हे मी पुस्तकात वाचलेलं आहे, शिकाऊ मुलींना सांगितलेलंही आहे. तरी माझा हात पुढे होईना. खिडकीतून ती फाटकापाशी चालताना दिसत होती. हाक मारली असती तर पोचली असती. मी मारली नाही.

नियमाप्रमाणे तुकडा त्याच संध्याकाळी नष्ट करायला द्यायचा होता. मी सकाळपर्यंत ठेवला.