उर्वशी दडमलने सगळं ऐकलं

पोरीचं नाव उर्वशी ठेवताना बापाच्या मनात काय होतं, देव जाणे. बाई धिप्पाड, काळीसावळी, हाताला कामाची आणि तोंडाने फटकळ. चिमूरच्या बाजारात तिने घासाघीस सुरू केली की भाजीवालीच हात जोडायची, "ने माय, पन चूप ऱ्हाय." नवरा नथ्थू मात्र शांत माणूस. इतका शांत की जिथे बोललंच पाहिजे तिथेही शांत. गावात म्हणायचे, देवाने दोघांच्या वाट्याच्या जिभा एकीलाच देऊन टाकल्या.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात गावातली टोळी रोवणीला, म्हणजे भातलावणीला, परगावी गेली होती. चौदा बाया, पाच माणसं आणि मुकादम कोलू. धानाच्या रोवणीचा मुक्काम आठ-दहा दिवसांचा. मालकाने झोपायला गुरांच्या कोठ्याची पडवी दिली, खाली भाताच्या पेंढ्याची तणीस अंथरलेली. मालकाच्या माडीवर चार बाजा रिकाम्या पडून होत्या. गड्यामजुरांना कोण बाज देतो? ते जमिनीवर झोपतात, ही जुनी रीत. रीत म्हटली की माणसाला लाज वाटेनाशी होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे उर्वशीच्या पोटात कळ आली. कोणीतरी ओवा दिला. ओवा चावत ती चिखलाने भरलेल्या बांधीत उतरली. नथ्थू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, पेंड्या चिखलात फेकत होता आणि बाया त्या सोडून रोवत होत्या. तासाभरात उर्वशीच्या पापण्या जड झाल्या. बोटांत पऱ्हा धरवेना. मान लुळी पडायला लागली.

कोलू ओरडला, "काऊन व उर्वशे, सकाऊनच टाकली का?"

बाया हसल्या. उर्वशीला म्हणायचं होतं, तोंड सांभाळ. पण जीभ वळेना, नुसता बोबडा आवाज निघाला. तिची जीभ अडखळलेली कोणी जन्मात पाहिली नव्हती, मग मोहाची दारू चढली याशिवाय दुसरा अर्थ कसा निघणार? जिने आयुष्यात थेंबाला स्पर्श केला नव्हता तिला सगळी टोळी दारूडी म्हणून हसत होती, आणि तिचा नवरा धुऱ्यावर उभा राहून पेंड्या मोजत होता. संतापाने तिच्या कानशिलात ठणके मारायला लागले. ती चिखलात आडवी झाली तेव्हा कुठे हसणं थांबलं.

ट्रॅक्टरवर टाकून तिला दवाखान्यात नेलं. तोवर श्वास अगदी तुटक झाला होता. डॉक्टर नवा, पुण्याकडचा, नोकरीला लागून चार महिने झालेला. तरी हात चलाख. त्याने घशात नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती दाबून दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. अख्तरी सिस्टर वरोऱ्याच्या, बावीस वर्षं ह्याच भागात नोकरी केलेल्या. त्यांनी बाईला नखशिखांत तपासलं. दंश दिसेना. "साहेब, मन्यार हाय," त्या म्हणाल्या. "तिचा दात लागलेला कळत बी नाई. रोवनीत जमिनीवर झोपलेल्यांलेच चावते." सर्पदंशाच्या लसीच्या बाटल्या लावल्या. चंद्रपूरला न्यायला गाडी नव्हती. ती दुसरा पेशंट घेऊन गेली होती. पिशवी दाबायला नथ्थूला बसवलं.

दिवस कलता डॉक्टरने पापणी उघडून डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली मोठी, जागची हलेना. तळपायाला सुई टोचली. काही नाही. त्याने बॅटरी खिशात घातली.

"मेंदू गेला आहे. आता पिशवी दाबून उपयोग नाही. तुम्ही घरी नेऊ शकता."

इथे सांगायला हवं, की उर्वशी हे सगळं ऐकत होती. पहिल्यापासून. ट्रॅक्टरचे धक्के, नळीचा घशातला आगडोंब, सुईची टोच, सगळं तिला कळत होतं. 'गेला तुया बाप!' ती आतल्या आत किंचाळली. हात उचल, असं तिने हाताला हजारदा सांगितलं. करंगळीची विनवणी केली. साधी करंगळी, जी उभ्या आयुष्यात कधी अडली नव्हती! अंग दगडासारखं पडून राहिलं आणि त्या दगडात कोंडलेली बाई वेडीपिशी होत होती.

मग श्वास यायचा थांबला. छातीत आग पेटली. तिला कळेना काय झालं. कानाशी एक ओळखीचा आवाज येत होता. प्लास्टिकच्या पन्नीची चरचर. नथ्थूने पिशवी सोडली होती आणि तो तंबाखूचा खर्रा घोटत होता.

"डॉक्टर म्हनते तं नेऊ म्हना," तो कोलूला सांगत होता. खर्रा तोंडात टाकून त्याने उसासा सोडला. "सुटली बिचारी. मी बी सुटलो म्हना."

सुटलो! ज्याच्या पोरांची आजारपणं काढली, ज्याच्या म्हाताऱ्या आईचं हागमूत केलं, तो सुटला! मरणाची भीती जाऊन उर्वशीच्या अंगात असा संताप उसळला की तसा जन्मात आला नव्हता.

दारातून हे ऐकतच अख्तरी सिस्टर आत आल्या. पिशवी मोकळी पाहून त्यांनी नथ्थूला खांद्याला धरून बाजूला लोटलं. "तुया बायकोचा दम तुया हातात हाय, अन् तू खर्रा खाऊन राह्यला?" एका हाताने पिशवी दाबत त्यांनी दुसऱ्या हाताने उर्वशीचं मनगट धरलं. नाडी घोड्यासारखी उधळली होती. थोड्या वेळाने ती निवळली. सिस्टर विचारात पडल्या. मग कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "उर्वशीबाई, नवरा काय म्हनला ऐकलं का तू?"

नाडी पुन्हा उसळली. बंद पापणीतून पाण्याची धार लागली.

"साहेब!" सिस्टर गरजल्या. "इकडं या. हात धरा. धरा म्हनते ना!"

डॉक्टरने मनगट धरलं. सिस्टरनी नथ्थूचं वाक्य पुन्हा उच्चारलं. डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. तो खुर्ची ओढून स्वतः पिशवी दाबायला बसला. एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं.

दुसऱ्या दिवशी टोळीतल्या बाया रोवणी टाकून आल्या. चिखलात हसल्या त्याच. पाळ्या लावल्या, दोघी दाबतील, दोघी झोपतील. मालकाने निरोप धाडला, रोवणी खोळंबली. बायांनी उलट जो निरोप धाडला तो इथे लिहिण्याजोगा नाही. चौथ्या दिवशी करंगळी हलली. सातव्या दिवशी नळी निघाली. नथ्थू पायथ्याशी उभा होता. उर्वशीने घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य काढलं, "नाई सुटला तू." त्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

जरा बसायला लागल्यावर तिने सिस्टरना गाठलं. "मायं डोस्कं चालू होतं, तं हात काऊन नाई उठला?"

सिस्टर तिच्या खाटेवर टेकल्या. "डोस्क्यात लाखो नसा असतात, बाई. एकेका नसेले हजार जनी सांगत असतात. कोनी म्हनते कर, कोनी म्हनते नोको करू. साऱ्यांची बेरीज होते अन् मंग थे नस ठरवते, हुकूम पुढं द्यायचा का नाई. तुया डोस्क्यात हे बराबर चालू होतं. हुकूम हातापर्यंत येऊन बी राह्यला होता."

"मंग?"

"नस हाताच्या मासाले चिकटली नसते. मंधात फट असते, केसाहून बारीक. नसेच्या टोकाशी रसाच्या बारक्या पिशव्या असतात. तुयी रोवनीच समज ना. नस म्हंजे धुऱ्यावरचा मानूस. हुकूम आला का थो रसाची पेंडी फटीपल्याड फेकते. तिकडं पेंडी पोचली का मास आवळते, हात उठते. मन्यारीच्या इखानं तुया पेंड्याच खलास केल्या. धुऱ्यावर मानूस उभा, चिखलात बाया उभ्या, मुकादम बोंबलून राह्यला. पन फेकाले पेंडी नाई. छातीचं बी तसंच, म्हून दम बंद. डोयाचं बी तसंच, म्हून बॅटरी मारून काई कळत नाई. अन् ऐकू येनं, दुखनं, राग येनं, तिथवर हे इख पोचत नाई."

"मंग मी वाचली कशी?"

"नसेले नवीन टोक फुटते. दिवस लागतात. तवरिक कोनीतरी दम द्याव लागते, बस."

उर्वशी बोटांवर काहीतरी मोजत बसली. ही बाई गप्प बसली की काळजी करावी.

"पोटदुखीनंच सुरू होते का?" तिने विचारलं.

"बहुतेकदा."

"अन् मंग डोये मिटते?"

"आधी डोयेच."

"अंग गरम ऱ्हायते?"

सिस्टरनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कोनाचं इचारून राह्यली तू?"

"माई बहीन. बुधरी." उर्वशी भिंतीकडे पाहत बोलत होती. "तीन साल झाले. असीच रोवनी होती. सकाऊन पोट दुखते म्हने, दुपारी गेली. मीच आंघोय घातली तिले. अंग गरम लागलं मले. मी म्हनलं बी, तं एक म्हातारी म्हने, तापाचं असन."

"दम चालू होता का?"

"कोनी पाह्यलाच नाई. मी बी नाई पाह्यला." तिचा आवाज चढला. "आभाळ भरून आलं होतं. मीच म्हनलं, तिच्या उशाशी उभी राहून म्हनलं, उचला लवकर, लाकडं भिजतीन."

वॉर्डात कोणीतरी खोकलं. उर्वशीने वळून सिस्टरचा पदर मुठीत धरला.

"तिनं ऐकलं असन का?"

बावीस वर्षांत अख्तरी सिस्टरनी किती मरणाऱ्यांना 'बरं वाटन' म्हणून सांगितलं होतं, त्याला गणती नव्हती. इथे दोन अक्षरं पुरे होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला. उर्वशीने तो झिडकारला.

"नाई म्हना ना!" ती ओरडली. सगळा वॉर्ड उठून बसला. "सिस्टर, एक डाव नाई म्हना!"

सिस्टरनी तिचा हात पुन्हा हातात घेतला.