तलाव नसला तर...

मंदारचा फोन आला तेव्हा मी नागपूरला घरी, दळण आणून पिठाचे डबे भरत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. माझा दादा गेला... पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि मिळेल त्या गाडीनं भिलाईला निघाले. दुर्ग सुटल्यावर सवयीनं दारापाशी येऊन उभी राहिले. पावर हाउस स्टेशनला उतरलं की फलाटावर दादा असायचाच आणि त्याचा पहिला प्रश्न, "उशीर कावून झाला?" जसं काही गाडी मीच हाकत आणली. त्या दिवशी फलाटावर मंदार होता. तो काही न विचारता माझी पिशवी घेऊन पुढे चालू लागला.

दादानं सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या पर्यावरण विभागात काढली. निवृत्त होऊन हुडको वसाहतीतल्या घरी स्वस्थ बसेल तर तो दादा कसला. देशातली जंगलं, नद्या, तलाव, माती माणसाला काय काय पुरवतात याचा देशभर आढावा चालला होता. कुठलं पाणी, कुठलं रान राखायचं आणि कुठे बांधकाम होऊ द्यायचं, हे त्यावरून ठरणार होतं. आमच्या भागाचं काम दादाकडे आलं. कागदोपत्री त्याला 'परिसंस्था सेवा' म्हणत. मी चिडवायचे, "सेवा करते तं तलावाले पगार कोण देते?" तो गंभीरपणे म्हणायचा, "कोणीच नाही. म्हणून तं त्याची कदर नाही."

मरोद्याच्या एका वस्तीमागे लहानसा तलाव आहे. तो बुजवून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायचं घाटत होतं. दादाच्या अहवालात तो कमी उपयोगाचा ठरला असता, तर त्याला वाचवणारं कोणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी भिलाईलाच होते, एकदा दादासोबत तिथे गेले. घाटावर दिसेल त्याला दादा विचारी, "तालाब से आपको क्या मिलता है?" लोक हसत. "कुछू नइ मिलय साहब, पानी तो नल ले आथे." मासे ठेकेदाराचे, पाणी पिण्याजोगं नाही. आम्हा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्यांना पाणी म्हणजे नळाचं पाणी, आणि दादानं प्रश्नही त्याच हिशेबानं काढले होते. पडल्या चेहऱ्यानं तो घरी आला.

"कमीच लिहावं लागते, शोभा," जेवता जेवता तो वहिनीला म्हणाला. "लोकच काही नाही म्हणून राहिले."

वहिनी पोळी वाढता वाढता थांबली. "अहो, काय देते असं कावून इचारता? नसला तं काय अडते, ते इचारा ना. आपल्या कामवाल्या सुखमतबाईचा सासरा गेला तेव्हा मी नहावनाले गेली होती. सारं गोत त्या तलावात न्हाऊन वर आलं, तेव्हा कुठं सुतक फिटलं. नळाखाली फिटते का ते?"

इकडच्या घरांत मृत्यूनंतर दहाव्या दिवशी सगळे मिळून तलावावर न्हायला जातात, त्याला नहावन म्हणतात. दादाचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मरोद्याला गेला आणि वहिनीचा प्रश्न विचारत फिरला. आदल्या दिवशी हसलेली माणसं आता बोलायची थांबेनात. श्रावणात टोपलीत उगवलेल्या गव्हाच्या रोपांचं, भोजलीचं, विसर्जन कुठे करायचं, म्हशी कुठे न्यायच्या, तलाव आटला की वस्तीतलं बोरिंगही आटतं, आणि कुणी गेलं तर...

वरचे एक साहेब बैठकीत म्हणाले, सुतक कुठल्या रकान्यात बसवायचं? दादा म्हणाला, रकाना नसेल तर वाढवा. तो महाहट्टी, सही करीना. वाद बरेच दिवस चालला, पण रकाना वाढला आणि तलाव राहिला. अहवालात वहिनीचं नाव नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मात्र दादा सांगायचा, प्रश्न हिचा आहे.

पुढे घरातही तोच कायदा झाला. जुनी वस्तू दिसली की "नसली तं काय अडते?" पटकन उत्तर आलं नाही की ती भंगारात. आईची शिलाई मशीन अशीच गेली, त्याचा राग मला अजून आहे.

दहावा शिवनाथ नदीवर करू, असं सगळे म्हणत होते. वहिनी म्हणाली, "नाही. तलावावर." वस्तीतली माणसंही आली आणि आमच्यासोबत पाण्यात उतरली. तोवर मी रडले नव्हते, ती तिथे कमरेएवढ्या पाण्यात रडले. तोंडावरून पाणी ओघळत असलं की कोण रडतंय ते कळत नाही. हेही दादानं अहवालात लिहायला हवं होतं.

मी निघायच्या दिवशी मंदार मागच्या दारापाशी आवरत होता. तिथे दादाचे गमबूट होते, तलावात उतरायचे. टाचेला चिरलेले, गाळ वाळून चिकटलेला, कोणाच्याच पायाला न होणारे. "आई, हे फेकून देऊ क्या? नसले तं काय अडते?" तो सवयीनं बोलून गेला.

वहिनी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मले अडते," ती म्हणाली.

मंदारनं बूट पुन्हा दाराशी ठेवले, दादा ठेवायचा तसेच, बाहेरच्या बाजूला तोंड करून.