जुना बारदाना, माफ

जकात नाक्यावर कारकून लागलो तेव्हा माझ्या हातात एक तक्ता दिला होता. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा निघाला होता. तक्त्यात तागाच्या दोनच ओळी होत्या. जुना, वापरलेला बारदाना, म्हणजे पोती-गोणपाट: माफ. तागाचं नवं तयार कापड, म्हणजे रंगाची पट्टी असलेलं, शिक्का मारलेलं: जकात. खाली कुणीतरी शाईनं लिहून ठेवलं होतं, परदेशी असल्यास कागद पाहावेत, नसल्यास अडवावे. आमच्या रस्त्यानं परदेशी काय येणार, कपाळ? बांबू, मोहफुलं, धान. पण तक्ता मला तोंडपाठ होता आणि तो कुणावर चालवायला मिळत नव्हता, हे माझं खरं दुखणं होतं.

श्रावणातल्या एका दुपारी मेटॅडोर थांबली. मागं एक म्हातारा आणि त्याची सून बसलेली, दोघांच्या मधे मातीच्या चार हंड्या. मूल तालुक्यातल्या एका गावची, तलावातल्या मासोळीवर जगणारी माणसं. बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातून त्यांनी मत्स्यबीज आणलं होतं, जिऱ्याएवढी पिल्लं. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा तलाव तळापर्यंत आटला होता, औषधालाही मासोळी उरली नव्हती. हे बीज पोचलं तर तलाव मासोळीनं पुन्हा भरणार, नाही तर सगळ्यांनी वर्षभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोजीला जायचं. सून हंडीत हात घालून पाणी सारखं हलवत होती. पाणी थांबलं की पिल्लं गुदमरतात, एवढं मलाही ठाऊक होतं.

हंड्यांना तागाचं ओलं कापड गुंडाळलेलं होतं. नवंकोरं, निळ्या पट्टीचं, वर बंगाली अक्षरांचा शिक्का. ती अक्षरं मला वाचता येईनात. जे वाचता येत नाही ते परदेशी, असं मी ठरवून टाकलं.

"कागद दाखव," मी म्हणालो.

"बिजाची पावती हाये न, भाऊ."

"बीज नाही विचारलं. कापड कुठलं?"

"त्या लोकायनंच गुंडाळून देलं. थंड राह्यते म्हणून."

आमच्याकडे भाऊ म्हणणं म्हणजे मान देणंच. पण मी चोवीस वर्षांचा, खुर्चीवर बसलेला, आणि ड्रायव्हर, चहावाला दोघं बघत होते. म्हटलं, "भाऊ कोणाला? साहेब म्हण."

म्हातारा हसला. हिणवून नाही, घरच्या पोराला हसतात तसा. "तुमी तं माह्या पोरापेक्षाई लहान दिसून राह्यले, भाऊ."

झालं. म्हटलं, याची जिरवायची.

गावातून माल नुसता पुढं जाणार असेल तर रहदारीचा पास फाडायचा आणि सोडायचं, पाच मिनिटांचं काम. मी पासाचं पुस्तक ड्रॉवरमध्ये ढकललं आणि सांगितलं, हेडक्लार्क जेवून येतील तेव्हा बघू.

"कापड ठिवून घ्या न तुमी," म्हातारा म्हणाला. "आमाले नाई पायजे. हंड्या जाऊ द्या."

पंचनाम्याशिवाय मालाला हात लावायचा नाही, मी म्हणालो. असला नियम कुठंच नव्हता. मी तो जागच्या जागी रचला आणि मला मजा आली. लपवून काय करू, मजाच आली.

ऊन तापलं. चार हंड्यांना तिचे दोन हात पुरेनात, तेव्हा म्हाताराही हात घालून बसला. पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. "मरून राह्यले, भाऊ," सून एवढंच म्हणाली. मी चहा मागवला. चहावाल्यानं कप आपटून विचारलं, "काऊन बा, काय भेटते तुले?" त्याच्यावरही मी डाफरलो.

दीड तासानं हेडक्लार्क आले. शिक्का बघून म्हणाले, "परदेशी कसलं रे गाढवा, कलकत्त्याचं आहे. पण नवं आहे खरं. काय ते लिही आणि मोकळं कर." आणि आत जाऊन आडवे झाले.

तोवर हंड्यांत हालचाल उरली नव्हती. तरी सून हात फिरवतच होती. म्हाताऱ्यानं तिचा हात धरून बाहेर काढला. मग त्यानं कापड सोडलं, रस्त्याकडेला पसरलं आणि चारही हंड्या एकेक करून त्यावर ओतल्या. पाणी गळून गेलं, पिल्लं कापडावर राहिली. त्याची मोटळी बांधून त्यानं ती माझ्या टेबलावर, तक्त्यावरच ठेवली. कागद भिजला, शाई पसरली.

"आता नवा नाई राह्यला," तो म्हणाला. "जुना बारदाना लिवा, साहेब."

मागितलं होतं ते मला मिळालं. मी मान खाली घालून लिहिलं: जुना बारदाना, माफ.