बासरच्या माधुकरीत मिळालेली गोळी

देवीवरच्या श्रद्धेपेक्षा डॉक्टरांची भीतीच मला जास्त होती, हे आधी कबूल करते. तेलंगण वेगळं होण्याआधीची, आंध्र प्रदेश असतानाची ही गोष्ट. मी आदिलाबादजवळ बेल्याच्या शाळेत गणित शिकवायची. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीची, सुषमाची, मांडी आठ महिने दुखत होती. दिवसा कसंबसं निभायचं, रात्री मात्र ती पाय धरून रडायची. शेजारणी म्हणायच्या, वाढतं वय आहे, दुखणारच. मी तिला रोज रात्री ॲस्पिरिनची गोळी द्यायची आणि अर्ध्या तासात ती शांत व्हायची. हे मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नाही. आपल्या मनाने गोळ्या देते म्हणून बोलणी बसतील, याची लाज वाटायची. शेवटी आदिलाबादला एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड एका जागी जाड झालंय, गाठ कसली आहे ते हैदराबादला दाखवा. माझ्या डोक्यात एकच शब्द बसला, कॅन्सर. पोरीचा पाय कापतील या धास्तीने मी हैदराबादची गाडी सोडून तिला बासरला सरस्वतीच्या पायाशी घेऊन गेले.

तिथे अकरा दिवस माधुकरीचं व्रत धरलं. दारोदारी मागायचं, झोळीत पडेल तेवढंच खायचं, घरून आणलेलं काही तोंडात घालायचं नाही. मी मुळातलीच हट्टी. गोळ्याही घरूनच आणलेल्या, म्हणून त्या पिशवीच्या तळाशी गेल्या. दोन रात्री पोर तळमळली. "आई, एक दे ना," म्हणत राहिली आणि मी देवीचं नाव घेत तिचा पाय चेपत बसले. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

तिसऱ्या दिवशी एका दारात पांढऱ्या केसांच्या बाई भात घेऊन आल्या. त्यांचं लक्ष सुषमाच्या चालण्याकडे गेलं.

"पोरगी लंगडून काऊन राह्यली?"

मी सगळं सांगितलं, रडता रडता गोळीचंही बोलून गेले. बाईंचा हात थांबला.

"रातीच जास्त दुखते? अन् गोळी घेतली की पुरं थांबते?"

मी मान डोलावली. त्या आत गेल्या आणि भातावर एक गोळी ठेवून म्हणाल्या, "हे माह्या घरचं हाये. आता तं चालते ना तुमच्या व्रताले? पोरी, तू भातासंगं घे. अन् मास्तरीणबाई, मी हैदराबादले हाडाच्या वॉर्डात नर्स होती. असं दुखणं पाह्यलं मी. उद्याच जा अन् डॉक्टरले हेच सांगा. व्रताचं देवी पाहून घेईल."

हैदराबादच्या डॉक्टरांनी गोळीचं ऐकताच लिहिणं थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. रागावले नाहीत. स्कॅनमध्ये हाडाच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ दिसली. ती त्यांनी मला कागदावर काढून दाखवली. "ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात हिला. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. पाय कुठेही जात नाही." मग पोरीला भूल देऊन, स्कॅनवर पाहत पाहत त्यांनी बारीक सुई नेमकी त्या दाण्यापर्यंत नेली आणि टोकाच्या उष्णतेने तो जाळला. एवढ्या मोठ्या हाडातला एवढासा दाणा! त्या माणसाच्या हाताचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला, थंड झाला. नऊ वाजले तरी सुषमा गाढ झोपलेली. रात्री गोळी दिली नव्हती. आठ महिने मी देवीला मागत होते ते हेच, फक्त ते कुठून यावं हेही मीच ठरवून बसले होते. ते ठरवणं सोडलं आणि देवीने एका बाईच्या तोंडून मला वाट दाखवली, असं मी मानते. इतरांनी मानावं असा आग्रह नाही.

डॉक्टर तपासायला आले. नर्स तिला उठवू लागली, तेव्हा त्यांनी हाताने खूण करून तिला थांबवलं. "झोपू द्या. तपासायचं होतं ते दिसलं," एवढं हळूच म्हणून ते पाय न वाजवता परत गेले. मी त्यांच्या पाठीला हात जोडले.